ग्रंथपालाची सही

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर पिवळ्या कागदांचा गठ्ठा साचायला लागतो. आमची आंतरराष्ट्रीय शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचे ते फॉर्म. एकाखाली एक रकाने: प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य, लॅपटॉप, लॉकर, हिशेब विभाग आणि सगळ्यात शेवटी ग्रंथालय. बाकीच्या सह्या झाल्याशिवाय मी सही करायची नाही, असा शाळेचा नियम. त्यामुळे इथून जाणारं प्रत्येक मूल शेवटी माझ्यासमोर येऊन उभं राहतं. ऑगस्टमध्ये शाळेत येतं तेव्हाही सुरुवातीलाच माझ्याकडे येतं, कारण ओळखपत्रावरचा बारकोड आम्ही चिकटवतो. या दोन भेटींच्या मध्ये त्याचा इथला काळ असतो. कुणाची चार वर्षं, कुणाचे सातच महिने.

यंदाचा वार्षिक अहवाल परवा हाती आला. वाचन-गणिताच्या चाचण्यांचे आलेख, गेल्या खेपेच्या बारावीच्या निकालांची सरासरी, नव्या सभागृहाचे फोटो, किती देशांची मुलं इथे शिकतात त्याचा आकडा. सगळं खरं आहे. त्यामागे माझ्या सहकाऱ्यांची किती मेहनत आहे ते मी रोज बघते. पण अहवाल मिटला आणि जाणवलं, की मला आठवणारं वर्ष त्यात नाही. ते ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदींत आहे, कपाटावरच्या एका पट्टीवर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्तीत आहे, चौथीतल्या एका मुलीच्या पुटपुटण्यात आहे. तेच लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

पूर्वी नव्या मुलाच्या कार्डावर नाव, इयत्ता आणि पालकांचा फोन एवढंच असायचं. तीन वर्षांपूर्वी मी त्यात एक रकाना वाढवला, ‘घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा’. त्याखाली चार ओळी ठेवल्या. एकच ओळ ठेवली तर मूल विचार करत बसतं की यातली कुठली लिहू, आणि कुठली लिहिली तर बरं दिसेल.

‘तू कुठली?’ हा प्रश्नही मी तेव्हाच सोडून दिला. आमच्या मुलांना तो फार जड जातो. जन्म एका देशात, पासपोर्ट दुसऱ्याचा, दात पडले ते तिसऱ्या देशात, आणि आजी-आजोबा राहतात चौथ्या. यातलं काय सांगावं? काही मुलांनी एक ठरावीक वाक्य पाठ केलेलं असतं, तेच टाकून मोकळी होतात. काही जण समोरचा माणूस बघून उत्तर बदलतात. रूथ यूसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1950च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा जगण्याला ‘तिसरी संस्कृती’ असं नाव दिलं. पहिली आईवडिलांच्या देशाची, दुसरी जिथे मुक्काम आहे तिथली, आणि या दोन्हींच्या मधल्या जागेत राहणाऱ्या माणसांनी आपापसांत घडवलेली ती तिसरी. आमची शाळा ही त्या मधल्या जागेची वस्ती आहे, असं मला वाटतं. या वस्तीत जुनं घर कुणाचंच नाही, म्हणून शेजार फार लवकर जमवावा लागतो.

तर मी आता विचारते, “मनातल्या मनात आकडे कुठल्या भाषेत मोजतोस?” या प्रश्नाला मुलं खुलतात. इंग्रजीत स्वप्नं पडणारी, तीन भाषांत भांडणारी पोरंही खेळताना गडी मोजायची वेळ आली की ओठातल्या ओठात कुठल्या तरी एकाच भाषेकडे वळतात. मग गप्पा सुरू होतात. आपल्या मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. जर्मन मुलंही तसंच म्हणतात, पाच-आणि-वीस. फ्रेंचमध्ये ऐंशीला चार-वीस म्हणतात. एका मुलाने सांगितलं होतं, साठपर्यंत फ्रेंच आणि पुढे कंटाळा येतो म्हणून इंग्रजी. दोन मिनिटांत दहा-बारा मुलं एकमेकांच्या डोक्यात डोकावून येतात आणि कुणालाही कुठला देश सांगावा लागत नाही.

सप्टेंबरात आलेल्या एका मुलीने मात्र या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. चौथीतली मुलगी. कार्डावर एकच ओळ भरलेली होती, जॉर्जियन. बाकीच्या तीन कोऱ्या. आई इंग्रजी जुळवून जुळवून बोलत होती, मुलगी आईच्या कोटाचं बटण फिरवत उभी होती.

पुढचे साडेपाच महिने ती शाळेत एक अक्षर बोलली नाही. वर्गात नाही, मैदानात नाही, माझ्याकडे तर नाहीच. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायची आणि खिडकीखाली, शेवटच्या कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसायची. नवी भाषा कानावर पडायला लागली की लहान मुलं असा मौनाचा काळ काढतात, हे भाषाशिक्षकांना ठाऊक असतं. ते मौन रिकामं नसतं. आत भरणी चाललेली असते. पण ते ठाऊक असणं वेगळं आणि डिसेंबरात त्या मौनाचं प्रगतिपुस्तक भरणं वेगळं. तिच्या प्रगतिपुस्तकात दोन ठिकाणी ‘अपेक्षित पातळीखाली’ आलं, इंग्रजीत आणि गणितात. गणितात येण्याचं कारण असं, की चाचणीतली गणितं शाब्दिक होती. बेरीज तिला येत होती. बेरीज करायची आहे हे तिला वाक्यातून कळत नव्हतं.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1979मध्ये यातला एक गुंता सोडवून दाखवला. मैदानावर बोलायची भाषा आणि धडा समजायची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी मांडलं. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. आमची कित्येक मुलं तर एका शाळेत तेवढी टिकतही नाहीत. म्हणजे आम्ही त्यांच्या वाटचालीचा मधलाच एक तुकडा बघतो आणि त्यावर शेरा लिहितो. कमिन्स यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली: घरची भाषा जितकी पक्की, तितका नव्या भाषेला आधार मिळतो. हे वाचलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कितीतरी आयांना आपुलकीने सांगितलं होतं, “घरीसुद्धा इंग्रजीच बोला, म्हणजे मुलाला लवकर येईल.” त्यांनी ऐकलंही असेल. रात्री झोपताना आईने मोडक्यातोडक्या परक्या भाषेत गोष्ट सांगितली असेल, आणि ते माझ्यामुळे. ती मुलं आता कुठे असतील कोण जाणे.

म्हणून त्या मुलीच्या बाबतीत मी तिच्या नावावरच्या देवघेवीकडे लक्ष ठेवून होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिने फक्त शब्द नसलेली चित्रपुस्तकं नेली. नोव्हेंबरात तीच पुस्तकं पुन्हा एकदा नेली, ओळीने, त्याच क्रमाने. डिसेंबरात पाककृतीचं एक पुस्तक आणि नकाशांचं एक. जानेवारीत पहिल्यांदा अशी पुस्तकं, ज्यांच्या पानावर चित्राखाली एक ओळ असते. कुठल्याही आलेखात ही चढण दिसली नसती. ही यादी मी कुणाला दाखवली नाही. कोण काय वाचतं ते ग्रंथपालाने स्वतःपाशी ठेवायचं असतं, वाचक नऊ वर्षांचा असला तरी. पुस्तकांची नावं इथेही गाळलीत ती त्यासाठीच. तिच्या वर्गशिक्षिकेला एवढंच म्हणाले, “ती वाचतेय. थांबूया.” आणि वर्गशिक्षिका थांबली. त्यासाठी तिच्याबद्दल मला फार आदर वाटतो, कारण आलेख वर न्यायची जबाबदारी शेवटी तिच्यावर होती.

आता त्या शेवटच्या कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण वर्षभर मी त्याच्याशीच झगडत होते.

जगातली बरीचशी शालेय ग्रंथालयं ड्युई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, लावलेली असतात. मेल्विल ड्युई या अमेरिकी ग्रंथपालाने ती 1876मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात 800 हा आकडा साहित्याचा. 810 अमेरिकी साहित्य, 820 इंग्रजी, 830 जर्मन, 840 फ्रेंच, 850 इटालियन, 860 स्पॅनिश, 870 लॅटिन, 880 ग्रीक. मग उरतं 890. बाकीचं जवळजवळ सगळं जग या एका 890मध्ये. रशियन 891.7, अरबी 892.7, चिनी 895.1, जपानी 895.6, कोरियन 895.7. आपली मराठी 891.46. जॉर्जियन तर पार टोकाला, 899.969. आकडेवारीच्या सोयीपुरतं हे चालून जातं. पण आठ वर्षांचं मूल आपल्या भाषेचं पुस्तक शोधायला येतं तेव्हा आपली भाषा खोलीच्या कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या फळीवर, दशांशचिन्हाच्या पलीकडे आहे, हे त्याला दिसतं. कुणी सांगावं लागत नाही. ती मुलगी नेमकी त्याच कपाटाला टेकून बसायची आणि त्यात तिच्या भाषेचं एकही पुस्तक नव्हतं.

नोव्हेंबरात मी मुख्याध्यापकांकडे परवानगी मागितली: घरच्या भाषांची पुस्तकं ड्युईमधून बाहेर काढून भाषेप्रमाणे लावायची. त्यांनी विचारलं, “खर्च?” म्हटलं, “फक्त चिकटपट्ट्यांचा.” परवानगी मिळाली. पण माणसं हवी होती. मला वाचता येतात अशा लिप्या दोन, आणि पुस्तकं निघाली सात लिप्यांतली.

मी पालकांना पत्र पाठवलं आणि मंगळवारची बैठक सुरू झाली. सकाळी मुलांना सोडून आलेल्या आया आणि दोन बाबा. वर्षभरातली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी हे मंगळवार सांगेन. जोडीदाराच्या नोकरीमागे परदेशात आलेल्या माणसाला अनेक देशांत काम करायची परवानगीच नसते. काल-परवापर्यंत जिच्या सहीने पुलांची रेखाटनं मंजूर व्हायची, ती बाई इथे ‘अमक्याची आई’ होऊन फाटकापाशी उभी असते. एक जण न्यायालयात दुभाषी होत्या. एक जण औषधांच्या प्रयोगशाळेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना गेल्या वर्षा-दोन वर्षांत ‘तुम्हाला काय येतं?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. मला त्यांचं सगळंच लागत होतं.

आमच्या संगणकातल्या सूचीत बिगर-इंग्रजी पुस्तकांची नावं फक्त रोमन लिपीत होती. कोरियन मुलाने कोरियनमध्ये शोधलं तर शून्य पुस्तकं. गंमत अशी, की मूळ लिपीतली नोंद करायला सूचीत वेगळी जागा आधीपासून असते. आम्ही ती वर्षानुवर्षं कोरी ठेवली होती. दुभाषी बाईंनी ती भरायचा विडा उचलला आणि प्रत्येक भाषेसाठी एक माणूस गाठून मार्चपर्यंत भरून काढली. पुस्तकं मांडताना तर रोज काहीतरी नवीन निघायचं. इंग्रजी पुस्तकाच्या कण्यावरचं नाव वरून खाली जातं, फ्रेंच पुस्तकाचं बहुधा खालून वर, म्हणजे एका फळीवर मान उजवीकडे कलवायची आणि दुसऱ्या फळीवर डावीकडे. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, तेव्हा आमचा बारकोड ‘मागच्या’ मुखपृष्ठावर लावायचा म्हणजे नेमका कुठे? त्यावर एक अख्खी सकाळ गेली.

सगळ्यात मोठा वाद क्रमाचा. कुठली भाषा आधी लावायची? इंग्रजी वर्णानुक्रमाने लावावी तर सुटलो म्हणावं आणि त्याच दोरीने पुन्हा बांधून घ्यावं, असं झालं असतं. पुस्तकांच्या संख्येने लावावी तर मोठ्या भाषा पुढे. आवाज चढले. एक बाबा रागावून निघून गेले आणि पुढच्या मंगळवारी परत आले. शेवटी पुलांच्या रेखाटनांवर सह्या करणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, “ज्या भाषेची पुस्तकं सगळ्यात कमी, ती दाराजवळ. जास्त पुस्तकं असतील तिला शोधायला त्रास पडत नाही.” सगळे गप्प झाले. तसंच लावलं. जॉर्जियनची तोवर तीन पुस्तकं जमली होती, तिन्ही त्या मुलीच्या आईने आणून दिलेली. ती दाराला लागून असलेल्या पहिल्या फळीवर आली.

इथे मला शियाली रामामृत रंगनाथन आठवतात. गणिताचे प्राध्यापक, 1924मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. शिकत असताना ही सूत्रं परीक्षेपुरती पाठ केली होती. तीन जॉर्जियन पुस्तकं आणि एक जॉर्जियन मुलगी एका खोलीत आली तेव्हा ती मला पहिल्यांदा कळली. आणखी एक जुळणी मला विलक्षण वाटते. रंगनाथन ग्रंथपाल झाले त्याच 1924 साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कचेऱ्यांत काम करायला देशोदेशींची माणसं तिथे आली होती, त्यांच्या मुलांना शाळा हवी होती. पुढे याच शाळेतल्या शिक्षकांच्या खटपटीतून इंटरनॅशनल बॅकलॉरिएट उभं राहिलं, 1968मध्ये. त्यामागची अडचण अगदी रोकडी होती: आज या देशात, उद्या त्या देशात जाणाऱ्या मुलाला कुठल्याही विद्यापीठाने मान्य करावं असं प्रमाणपत्र कसं द्यायचं? म्हणजे आमच्यासारख्या शाळांच्या पायातच जाणं आहे. राहणाऱ्यांसाठी शाळा सगळीकडे होत्याच. या शाळा निघाल्या त्या जाणाऱ्यांसाठी.

21 फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिवस असतो. 1952मध्ये याच तारखेला ढाक्यात बंगाली भाषेच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्यात तरुणांचे जीव गेले. 1999मध्ये युनेस्कोने तो दिवस जगासाठी जाहीर केला आणि 2000पासून तो पाळला जातो. आमच्याकडे त्या दिवशी सभागृहात कार्यक्रम होतो. झेंडे, पोशाख, गाणी. मुलांना मजा येते, माझा विरोध नाही. पण एका दिवसाच्या झेंड्यांनी शाळेला आपण फार भाषांचे आहोत असं वाटायला लागतं आणि 22 तारखेला सगळं आवरून ठेवलं जातं, याचा मला दरवर्षी त्रास होतो. म्हणून यंदा कपाटांचं उद्घाटन मी त्याच दिवशी, कार्यक्रमानंतर, भाषण न करता केलं. फक्त दार उघडलं.

प्रत्येक फळीवर पट्टी होती आणि तिच्यावर त्या भाषेचं स्वतःचं नाव, तिच्या लिपीत. जर्मन लोक आपल्या भाषेला डॉइच म्हणतात, जपानी निहोंगो, फिनिश सुओमी, जॉर्जियन कार्तुली. पट्ट्या त्या त्या घरच्या माणसांनी लिहिल्या होत्या. जॉर्जियनची तेवढी मी लिहिली, कारण त्या आठवड्यात तिची आई गावाला गेली होती. इंटरनेटवर बघून, अक्षराचं वळण गिरवत गिरवत. जॉर्जियन लिपीत 33 अक्षरं आहेत, सगळी गोलसर, वेलीच्या टोकासारखी. मला वाटलं, बरी जमली.

मुलांची झुंबड उडाली होती. ती मुलगी आली, दाराजवळच थबकली, पट्टीकडे बघत राहिली. मग माझ्या टेबलापाशी येऊन माझी पेन्सिल उचलली, स्टूल ओढलं, वर चढली आणि पहिल्या अक्षराच्या शेपटीवर एक रेघ मारून ती दुसऱ्या बाजूला वळवली. खाली उतरून पेन्सिल जागेवर ठेवली. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, “चुकलं होतं.”

साडेपाच महिन्यांनंतरचे तिचे पहिले शब्द. मी “थँक यू” म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यानंतर ती धबधब्यासारखी बोलायला लागली असं काही झालं नाही. थोडं थोडं बोलायची, बहुतेक वेळा दुरुस्तीच करायची. बारकोड वाकडा लागला, पुस्तक उलटं ठेवलं. मार्चमध्ये तिला परत आलेली पुस्तकं मोजायला बसवलं तेव्हा मला पहिल्यांदा तिचं मोजणं ऐकू आलं. ओत्सी म्हणजे वीस. तीस म्हणताना ती ओत्सदाआती म्हणाली, म्हणजे वीस-आणि-दहा. चाळीस म्हणजे ओर्मोत्सी, दोन-वीस. जॉर्जियन माणूस विसाच्या गठ्ठ्यांनी मोजतो. ब्याण्णव म्हणायचं तर चार-वीस-आणि-बारा. जी मुलगी डोक्यात दर खेपेला असा गुणाकार आणि बेरीज करत होती, तिच्या गणितापुढे डिसेंबरात काय लिहिलं होतं ते आठवून मी तिच्या वर्गशिक्षिकेला बोलावून आणलं. आम्ही दोघी कपाटाआड उभ्या राहून ऐकत होतो. शिक्षिकेचे डोळे भरून आले होते. एप्रिलच्या प्रगतिपुस्तकात गणिताचा शेरा बदलला. शाब्दिक गणितं तिला चित्रं काढून दिली, एवढाच फरक केला होता.

बारावीच्या मुलांबद्दल फारसं लिहीत नाही, कारण वार्षिक अहवालात सगळी पानं त्यांनाच असतात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचे सहा विषय, प्रत्येकी 7 गुण, शिवाय 4,000 शब्दांचा प्रबंध आणि ज्ञानमीमांसा मिळून जास्तीत जास्त 3, एकूण 45. मे महिन्यात परीक्षा, जुलैच्या सुरुवातीला निकाल. जानेवारी ते एप्रिल ती मुलं माझ्याच खोलीत राहतात, संदर्भ कसा द्यायचा हे दहादा विचारतात, टेबलावर डोकं ठेवून झोपतात. मी खिडकी लावून घेते.

पण आठवीतल्या एका मुलाबद्दल लिहायलाच हवं. तो इथे पाच वर्षं आहे, आणि आमच्या शाळेत पाच वर्षं म्हणजे पुरातन काळ. अशा शाळांत जाणाऱ्यांची काळजी घ्यायची रीत आता बऱ्यापैकी रुळली आहे. डेव्हिड पोलॉक या अभ्यासकाने त्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या होत्या: भांडणं मिटवा, आभार माना, माणसांचा आणि जागांचा नीट निरोप घ्या, पुढच्या ठिकाणाचा विचार सुरू करा. आमचे समुपदेशक हे सगळं मनापासून करून घेतात. निघणाऱ्याला कार्ड मिळतं, फोटो मिळतो, नवं गाव मिळतं. मागे राहणाऱ्याला एक रिकामी खुर्ची मिळते. या मुलाचे जिवलग मित्र एकामागून एक चार वेळा गेले. गेल्या वर्षी त्याने मला सहज आवाजात सांगितलं, “मिस, मी आता नवीन मुलांशी मैत्री करत नाही.” तेरा वर्षांचा पोरगा. त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती.

मी त्याला समजावलं नाही. ऑगस्टमध्ये त्याला काम दिलं: नव्या मुलांना शाळा दाखवायची. मैत्री करायची अट नाही. कुठल्या नळाला गार पाणी येतं, कुठल्या जिन्यावर गर्दी कमी असते, कुठले सर वरवर कडक आहेत पण आतून मऊ, एवढं सांगायचं. त्याने ते जीव लावून केलं. स्वतःचा नकाशा काढला. त्या नकाशात त्याने बसायच्या जागांवर खुणा केल्या होत्या, एकट्याने जेवलं तरी कुणाचं लक्ष जात नाही अशा जागा. तो नकाशा हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. पाच वर्षांत त्याने त्या जागा स्वतः शोधल्या असणार. चौथीतल्या त्या मुलीला सप्टेंबरात खिडकीखालची जागा दाखवली ती यानेच, हे मला मार्चमध्ये कळलं.

त्या नकाशाची प्रत मी मुख्याध्यापकांना दिली. त्यांनी शिक्षकांच्या सभेत तो पडद्यावर लावला आणि दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. आता मधल्या सुट्टीत त्या जागांवरून रोज एक मोठं माणूस सहज फिरून येतं. मुद्दाम थांबत नाही, फक्त ‘काय रे’ म्हणून पुढे जातं. यंदा शाळेने केलेल्या बदलांमध्ये मी हा बदल सगळ्यात वर ठेवते. अहवालात त्याला ओळ नाही.

मे महिन्याच्या अखेरीस त्या मुलीच्या वडिलांची बदली झाल्याचं कळलं. एकच वर्ष. जूनच्या दुसऱ्या मंगळवारी ती पिवळा फॉर्म घेऊन आली, बाकीच्या पाचही सह्या झालेल्या. आई दारात मंगळवारच्या बायकांच्या घोळक्यात अडकली होती, तिकडे रडारड चालली होती.

मी तिची पुस्तकं टेबलावर ठेवली. पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून मोजली. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. वीसला आम्ही दोघी एकदम पोचलो, ओत्सी आणि वीस, आणि ती हसली. पुढे एकवीस आलं. तिने वीस-आणि-एक म्हटलं, मी एक आधी आणि वीस नंतर. ती थांबली. “तुझं उलटं आहे,” म्हणाली. मग म्हणाली, “परत म्हण.” मी परत म्हटलं. एकवीस, बावीस, तेवीस. तिने माझ्या मागून म्हटलं. तेवीसला पुस्तकं संपली.

“ती तीन पुस्तकं न्यायची का?” मी दाराकडे बोट दाखवून विचारलं. तुमचीच आहेत, आईने दिलेली. तिने फळीकडे बघितलं, थोडा विचार केला आणि मान हलवली. “कपाट रिकामं दिसेल.” मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘पुस्तके बाकी’ या रकान्यात मी शून्य लिहिलं, खाली सही केली. तिने सही नीट तपासून पाहिली.

जाताना ती पहिल्या फळीपाशी थांबली, पट्टीवरची पेन्सिलीची रेघ बोटाने चाचपून बघितली आणि मला म्हणाली, “पुसू नकोस.” आठवीतला तो मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याने तिची बॅग उचलली आणि दोघं फाटकाकडे गेली.

आज शाळा बंद आहे. ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलांची पहिली कार्डं कचेरीतून आली आहेत, ती मी लावत बसले आहे. एका कार्डावर भाषांच्या चारही ओळी भरल्या आहेत. त्यातल्या दुसऱ्या ओळीतल्या भाषेचं आमच्याकडे एकही पुस्तक नाही. दाराजवळची फळी थोडी पुढे सरकवून मी जागा केली. कागदाची पट्टी कापली, चिकटवली. इंटरनेटवर त्या भाषेचं नाव तिच्या लिपीत शोधलं, सापडलंही, पेन हातात घेतलं.

मग पेन ठेवून दिलं. पट्टी कोरी आहे. खाली पेन्सिल ठेवली आहे आणि स्टूल जवळ ओढून ठेवलं आहे.